मधलं बुच

खाली कॉम्प्रेसर सुरू झाला की
माझ्या खोलीतला कप टेबलावर चालू लागतो.
निवतीला, बर्फाच्या कारखान्याच्या माथ्यावर
भाडं कमी; इथे कुणालाच झोप लागत नाही.
मला ती तशीही नव्हती.

त्या गुणगुणीचा मला राग नाही.
माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला दोन तारा आहेत,
गुणगुण दोघींवर सारखीच चढते
आणि सारखं ते सगळं वजाबाकीत जातं.
एवढ्यासाठीच तर दोन तारा घ्यायच्या:
एक वर गेली की दुसरी तितकीच खाली,
खरं काय ते दोघींमधल्या अंतरात.

अठरा दिवस मी त्या अंतराची मशागत केली.
पहिला टप्पा, त्यावर दुसरा,
गेन लाखाच्या घरात.
मग एका रात्री, सहज,
दोन्ही तारा वेगवेगळ्या मोजल्या.

दोघी छताला टेकल्या होत्या.
नऊशे मिलिव्होल्टवर तरंगायचं सोडून
सतराशे चाळीसवर, शेजारी शेजारी,
भांडायला काही न उरलेल्या जावा
माळ्यावर चढून बसाव्यात तशा.
फरक शून्य.
आणि माझा फीडबॅक, फरक तेवढाच वाचता येणारा,
सगळं क्षेम असल्याचं कळवत होता.

पहाटे किनाऱ्यावर रापण लागली होती.
"येतंस काय गे? माणसां कमी आसत,"
हरी मेतर म्हणाले,
आणि मी उत्तरेच्या दोरीला लागले, बस्त्यावच्या मागे.
ओली दोरी, वाळूत रुतणाऱ्या टाचा.
दक्षिणेला तेवढीच माणसं, तेवढीच ओढ.
मेतर कुठल्याच दोरीला नव्हते.
मधोमध, गुडघाभर पाण्यात,
नजर लांब, जाळ्याच्या मधल्या बुचावर.

"ढिल्ले! दोनय बाजू ढिल्ले!"

बस्त्याव कुरकुरला, आमी सारख्याच वडतो.

"सारख्याच वडतास रे. पण दोगांवय जास्त.
तळी उचलली जाळ्याची,
मासो खालसून चल्लो."

मी दोरी हातात धरून तशीच उभी राहिले.
मागचा माणूस माझ्यावर आदळला.

दोन मोठे रोध घेतले, एकसारखे,
दोन तारांमध्ये बांधले, मधे गाठ.
गाठीला काय वाटतं ते नऊशेशी ताडून बघायचं,
जास्त असेल तर दोघींनाही ढिल्ले.

पण पहिल्या रात्री मी कंजूषपणा केला:
दोन्ही टप्प्यांना मिळून एकच मेतर.
त्याची हाक शेवटच्या टोकाहून निघायची
आणि पहिल्यापासून सगळं फिरून येईपर्यंत
दोरी आधीच ढिली झालेली असायची.
मग अजून ढिली. मग एकदम ताठ.
स्क्रीनवर दोघी एकत्र वर, एकत्र खाली,
काही नॅनोसेकंदांची भरती-ओहोटी
मरेपर्यंत न थांबणारी.
फरक? अजूनही शून्य.
उशिरा आलेली दुरुस्ती
ही ढकलण्याचीच एक तऱ्हा आहे.

म्हणून पहिल्या टप्प्याला त्याचा स्वतःचा,
आवाज बारीक, पण जवळ उभा असलेला.
दुसऱ्याला दुसरा.
रोधांवरून इवलासा कपॅसिटर,
हाक जरा लवकर पोचावी म्हणून.
रोधांनी थोडं गेन खाल्लं. खाऊ दे.
राखणीची मजुरी द्यावी लागते.
तारा डुचमळल्या, दोनदा, तीनदा,
आणि नऊशे दोनवर बसल्या.
ते दोन मिलिव्होल्ट कुठून आले
मला अजून सांगता येणार नाही.

एक राहिलंच.
त्या पहाटे वाटे पडले.
ओढणाऱ्याला वाटा मिळतोच,
मधेच थांबणाऱ्यालाही.
बर्फाच्या कारखान्याचा जिना चढले
एका हातात एक बांगडा, दुसऱ्यात एक,
वजन सारखं, वजाबाकी शून्य.
मग कीबोर्डवर बसले.
साबणाने दोनदा धुतले होते,
तरी दोन्ही हातांना
तोच वास.